मनाच्या आजाराची गोळी कमी होताना : घरी आणि शाळेत काय सांभाळायचं?



आजचा पाठ कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. पण भिवंडीत शिकवताना मला तो शिकावा लागला, म्हणून तुमच्यासमोर मांडते आहे.

माझ्या वर्गात सातवीची एक मुलगी होती. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) अभ्यासात चांगली, पण अचानक पहिल्या तासालाच बाकावर डोकं ठेवून झोपायला लागली. मी दोनदा रागावले. तिसऱ्या वेळी घरी गेले, तेव्हा खरं कारण कळलं. वडील लूमवर रात्रपाळी करायचे. त्यांना स्किझोफ्रेनिया होता आणि गोळ्या चालू होत्या. आजार आटोक्यात होता, पण गोळीने गुंगी यायची. धागा तुटला तरी पटकन लक्षात यायचं नाही, मग शेठची बोलणी. "आता बरं वाटतंय, मग कशाला गोळी?" असं म्हणून त्यांनी एका दिवसात सगळ्या गोळ्या बंद केल्या.

चौथ्या दिवसापासून झोप उडाली. मळमळ, घाम, घरभर येरझाऱ्या, बारीकसारीक गोष्टींवरून चिडचिड. एका खोलीचं घर, म्हणजे मुलगीही रात्रभर जागी. कोणी म्हणालं आजार उलटला, कोणी म्हणालं बाहेरचं काहीतरी आहे. डॉक्टरांनी तपासल्यावर सांगितलं, की यातला बराचसा त्रास गोळी एकदम तोडल्याचा आहे.

त्या दिवशी मला समजलं, की गोळी कशी थांबवायची हेसुद्धा उपचारातच येतं. चला, तेच समजून घेऊया.

१. या गोळ्या कोणत्या?

हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन, ॲरिपिप्राझोल, क्लोझापिन ही यातली नेहमी दिसणारी नावं. भास होणं, कानात आवाज येणं, टोकाचा संशय, बायपोलर आजारातला उन्माद यांवर ती दिली जातात. स्वमग्न मुलांच्या तीव्र चिडचिडीसाठीही काही वेळा डॉक्टर यातली औषधं अगदी कमी प्रमाणात देतात. त्यामुळे हा विषय फक्त मोठ्यांचा नाही.

थोडा इतिहास बघा. आपल्या जवळचं ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. या गटातलं पहिलं आधुनिक औषध, क्लोरप्रोमॅझिन, मनोरुग्णांसाठी वापरायला सुरुवात झाली ती १९५२ मध्ये, पॅरिसला. आपल्याकडे त्याआधी सर्पगंधा होती. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या उपयोगाबद्दल लिहून ठेवलं आहे. पण म्हणजे ठाण्याच्या रुग्णालयाची पहिली पन्नास वर्षं आजच्यासारखी गोळीच हाताशी नव्हती. या गोळ्यांनी कित्येक माणसं घरी राहू शकली, कामावर जाऊ शकली. म्हणून गोळीला शत्रू समजू नका.

पण त्रासही खरा आहे. वजन वाढतं, साखर वाढते, हात थरथरतात, सुस्ती येते. "मला गोळी कमी करायची आहे" असं रुग्ण म्हणतो, तेव्हा तो हट्ट करत नसतो. त्याचं म्हणणं ऐकून घ्यायलाच हवं.

२. एकदम बंद केली की काय होतं?

मेंदूत डोपामिन नावाचं रसायन निरोप पोहोचवतं. या गोळ्या डोपामिनच्या बसायच्या जागा अडवून ठेवतात. महिनोन् महिने जागा अडलेल्या राहिल्या की मेंदू त्या परिस्थितीशी जुळवून घेतो आणि जास्त संवेदनशील होतो. मग गोळी एका दिवसात काढली की अडलेला निरोप एकदम जोरात पोहोचतो. काही गोळ्या झोप, पचन, घाम यांच्याशी संबंधित इतर रसायनांवरही काम करतात, तिथेही तसंच घडतं.

म्हणून दिसणारी लक्षणं अशी :

• झोप न लागणं, अस्वस्थता, एका जागी बसता न येणं
• मळमळ, उलट्या, जुलाब, घाम, डोकेदुखी
• चिडचिड, रडू येणं, भीती
• तोंडाच्या, जिभेच्या किंवा हातापायांच्या आपोआप होणाऱ्या हालचाली
• काही जणांना पुन्हा आवाज किंवा संशय

थरथर कमी व्हावी म्हणून सोबत ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी असते. तीही स्वतःच्या मनाने त्याच दिवशी सोडू नये. आधी कोणती कमी करायची, हे डॉक्टरांनी ठरवायचं.

३. थोडं गणित : शेवटची पायरी सगळ्यात उंच

हा भाग मला शिक्षिका म्हणून फार आवडला. समजा, मेंदूत १०० खुर्च्या आहेत. गोळीचा डोस आणि अडलेल्या खुर्च्या यांचं नातं साधारण असं असतं :

८ भाग डोस – ८९ खुर्च्या
४ भाग डोस – ८० खुर्च्या
२ भाग डोस – ६७ खुर्च्या
१ भाग डोस – ५० खुर्च्या
० डोस – ० खुर्च्या

(हे आकडे फक्त समजण्यापुरते आहेत. प्रत्येक औषधाचे वेगळे असतात.)

आता वजाबाकी करा. ८ वरून ४ वर आलो, म्हणजे अर्धी गोळी कमी केली, तरी फक्त ९ खुर्च्या मोकळ्या झाल्या. पण १ वरून शून्यावर आलो, तर एकदम ५०! म्हणजे आपल्याला "आता उरलीच किती, टाकू सोडून" असं वाटतं, तीच पायरी सगळ्यात उंच असते.

लंडनचे मार्क हॉरोविट्झ आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये हाच मुद्दा मांडला. डोस जितका लहान होत जाईल तितकं कमी करण्याचं प्रमाणही लहान करावं, आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये मेंदूला सावरायला वेळ द्यावा, असं ते म्हणतात. खूप वर्षं गोळी घेतलेल्या माणसाला यात अनेक महिने, कधी वर्षंही लागू शकतात. पण हे वेळापत्रक तुमच्या मनोविकारतज्ज्ञांनीच आखायचं. माझा लेख वाचून कोणीही घरी गोळी कापू नये. काही गोळ्या तोडायच्याही नसतात.

४. सगळ्यांना बंद करता येते का?

नाही. हे स्पष्ट सांगायला हवं. २०१२ मध्ये ६५ चाचण्यांचा एकत्र अभ्यास झाला. वर्षभरात गोळी चालू असलेल्यांपैकी २७ टक्के लोकांचा आजार उलटला, गोळी थांबवलेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचा. इंग्लंडमध्ये २०२३ साली आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २५३ जण होते आणि एका गटाची गोळी हळूहळू, देखरेखीखाली कमी केली होती. दोन वर्षांनी दोन्ही गटांचं रोजचं वागणं-जगणं सारखंच होतं, पण आजार गंभीरपणे उलटण्याचं प्रमाण कमी करणाऱ्यांत २५ टक्के आणि चालू ठेवणाऱ्यांत १३ टक्के होतं.

म्हणजे हळू कमी केलं तरी धोका शून्य होत नाही. कोणाची गोळी पूर्ण सुटते, कोणी कमी डोसवर छान राहतं, कोणाला ती कायम लागते. कमी डोसवर थांबणं म्हणजे नापास होणं नव्हे.

५. गोळी सुटल्याचा त्रास की आजार परत?

हा सगळ्यात अवघड प्रश्न. साधारण खुणा अशा :

गोळी सुटल्याचा त्रास : डोस कमी केल्यावर काही दिवसांत सुरू होतो. मळमळ, घाम अशी शरीराची नवीन लक्षणं सोबत असतात. मागचा डोस पुन्हा दिल्यावर बहुतेक वेळा लवकर ओसरतो.

आजार परत : बहुतेक वेळा आठवड्यांनी, महिन्यांनी, हळूहळू. त्या माणसाच्या पहिल्या आजाराच्या वेळचीच लक्षणं पुन्हा दिसतात.

दर महिन्याचं इंजेक्शन असेल, तर औषध शरीरातून सावकाश जातं, त्यामुळे हे अंदाज चुकतात. आणि दोन्ही गोष्टी एकमेकांत मिसळूही शकतात. निकाल घरी लावायचा नाही. आपण फक्त नोंद ठेवायची.

६. घरी काय करायचं?

१) एक साधी वही करा. तारीख, डोस, किती तास झोप, जेवण, मन कसं होतं, एवढ्या पाच गोष्टी रोज लिहा. ही वही घेऊन दवाखान्यात गेलात, तर डॉक्टरांना नेमकं कळतं.

२) गावी जाताना गोळ्या मोजून न्या. आपल्याकडे मे महिन्यात, लग्नसराईत, सणाला माणसं महिनाभर गावी जातात आणि गोळ्या तिथे संपतात. ठरवून न केलेली 'बंदी' अशीच होते. क्लोझापिन दोन दिवसांहून जास्त चुकली, तर जुन्या डोसने परत सुरू करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

३) रमजान किंवा इतर उपवास असतील, तर गोळीची वेळ आधीच विचारून घ्या. उपवासासाठी गोळी सोडू नका.

४) बिडी-सिगारेटबद्दल डॉक्टरांना खरं सांगा. तंबाखूच्या धुराने ओलान्झापिन आणि क्लोझापिन शरीरातून लवकर निघून जातात. बिडी सोडली की त्यांचं रक्तातलं प्रमाण वाढतं. म्हणून हा बदल सांगून करा.

५) गोळी कमी करण्यासाठी शांत काळ निवडा. घर बदलणं, मुलीचं लग्न, नोकरी सुटणं अशा वेळी नको. शक्य असेल तर काही दिवस रात्रपाळी टाळा. झोप सांभाळली की अर्धं काम झालं.

६) दारू, गांजा नकोच.

७) "तू पुन्हा तसाच वागतोयस" असं म्हणू नका. "आज झोप झाली नाही ना? बस, चहा घेऊ" असं म्हणा.

७. शाळेत काय करायचं?

शिक्षकांनो, आपण औषधाबद्दल सल्ला द्यायचा नाही. पण तीन गोष्टी आपल्या हातात आहेत.

पहिली, मूल झोपलं, गृहपाठ राहिला, तर आधी विचारा, मग रागवा. दुसरी, कळलेली गोष्ट स्टाफरूममध्ये चघळू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क मानतो, आणि माणुसकीही तेच सांगते. तिसरी, वर्गात 'येडा', 'पागल', 'ठाण्याला पाठवा' असे विनोद चालू देऊ नका. त्याच वर्गात एखादं मूल मान खाली घालून बसलेलं असतं.

मूल स्वतः अशी गोळी घेत असेल आणि ती कमी होत असेल, तर पालकांनी वर्गशिक्षकांना विश्वासात घ्यावं. वर्गातला बदल सगळ्यात आधी त्यांनाच दिसतो.

८. थांबायचं नाही, लगेच डॉक्टर!

• मरणाच्या किंवा कोणाला इजा करण्याच्या गोष्टी
• सलग दोन-तीन रात्री अजिबात झोप नाही
• आवाज, भास, टोकाचा संशय
• खूप ताप, अंग ताठ, भान नाही (तडक मोठ्या रुग्णालयात न्या)

मन मोकळं करायला किंवा मार्गदर्शनासाठी सरकारची टेलि-मानस सेवा आहे, क्रमांक १४४१६. फोन मोफत, दिवसरात्र सुरू, मराठीतही बोलता येतं.

चर्चेसाठी प्रश्न (पालकसभेत घेता येतील)

१) २ वरून १ वर येताना किती खुर्च्या मोकळ्या होतात?
२) "बरं वाटतंय म्हणून गोळी बंद" यात चूक नेमकी कुठे आहे?
३) आपल्या वर्गात असं मूल असेल, तर उद्यापासून आपण काय बदलू?

त्या मुलीच्या वडिलांची गोळी डॉक्टरांनी पुन्हा सुरू केली. नंतर गुंगीची तक्रार नीट ऐकून घेऊन डोस अगदी सावकाश कमी करत आणला. आज ते थोड्याशा डोसवर आहेत आणि दिवसपाळी करतात. वही मुलगीच लिहायची. आता ती पहिल्या तासाला जागी असते, आणि मी रागवण्याआधी विचारायला शिकले आहे.

लेख उपयोगी वाटला, तर आपल्या शाळेतल्या शिक्षकांना आणि पालकांना नक्की वाचून दाखवा.