मोटारीची इंधननळी

मोटारीचें इंजिन अधिक बलवान करण्याची हौस पुष्कळांस असते. मोठा टर्बोचार्जर बसविला व नवे इंजेक्टर घातले कीं काम संपलें, असा सामान्यतः समज दिसतो. परंतु टाकींतील पेट्रोल ज्या बोटाएवढ्या नळींतून इंजिनाकडे जातें, तिच्याकडे थोड्यांचेंच लक्ष जातें. या लेखांत आपण त्या उपेक्षित नळीचा विचार करूं.

उदाहरणादाखल जपानची टोयोटा सुप्रा ही गाडी घेऊं. १९९३ सालीं आलेल्या तिच्या चौथ्या पिढींत दोन टर्बोचार्जरांचें ३ लिटरचें इंजिन मिळत असे, व अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या गाडीची शक्ति ३२० अश्वशक्ति होती. या इंजिनाचा लोखंडी ठोकळा इतका भक्कम आहे कीं, हौशी लोक त्याजकडून दुप्पट शक्ति काढून घेतात. आतां हिशेब पाहूं. टर्बोच्या इंजिनास पूर्ण जोरांत दर अश्वशक्तीमागें ताशीं सुमारें २७० ग्रॅम पेट्रोल लागतें. म्हणजे ३२० अश्वशक्तीस ताशीं सुमारें ११७ लिटर, आणि ६४० अश्वशक्तीस २३४ लिटर. मिनिटास जवळ जवळ ४ लिटर!

नळी तीच ठेवून प्रवाह दुप्पट केला, तर घर्षणानें वाया जाणारा दाब दुप्पट न होतां सुमारें चौपट होतो. उलट नळीचा आंतील व्यास ३/८ इंचावरून १/२ इंच केला, कीं तो तोटा पुन्हां सुमारें एकचतुर्थांशावर येतो. बाजारांत या नळ्या ‘ए-एन’ क्रमांकांनीं ओळखल्या जातात. हा क्रमांक म्हणजे इंचाचे सोळावे भाग होत; ६ क्रमांक म्हणजे ३/८ इंच, व ८ क्रमांक म्हणजे १/२ इंच.

पेट्रोल अपुरें पडल्यास मिश्रणांत हवा अधिक व इंधन कमी होतें. मग सिलिंडरांत अवेळीं स्फोट होऊं लागतात व पाहतां पाहतां पिस्टन वितळतो. हें संकट भर वेगांतच ओढवतें. कारण मंद गतींत जुनी नळीही पुरून उरते.

आतां नळी कशाची असावी? जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडींत पेट्रोलाचा दाब जेमतेम १/३ बार असे. इंजेक्टरांच्या गाडींत तो सुमारें ३ बार असतो. टर्बोनें हवेचा दाब दीड बार वाढविला, तर पेट्रोलाचा दाबही तितकाच वाढवून साडेचार बार करावा लागतो. म्हणून कार्ब्युरेटरची साधी नळी येथें घालणें म्हणजे अपघातास आमंत्रण होय. शिवाय भारतांत २०२५ सालीं पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट गाठलें गेलें. इथेनॉलानें कांहीं जातींचें जुनें रबर फुगतें व तडकतें. टेफ्लॉनचें अस्तर त्यास दाद देत नाहीं. मात्र स्थिर विजेची ठिणगी पडूं नये म्हणून त्या अस्तरांत कार्बन मिसळलेला असावा. वरील पोलादी वीण नळीचें रक्षण करते खरी, पण शेजारच्या वस्तू ती करवतीप्रमाणें कापते.

काम करतांना इंजिन थंड असावें, पेट्रोलाचा दाब प्रथम उतरवावा व बॅटरीची तार सोडावी. नळी धुराड्याच्या नळापासून दूर न्यावी व जागोजाग बांधावी. पेट्रोल टाकीकडे परत नेणारी नळी अरुंद ठेवूं नये. नाहीं तर इंजिन मंद चालत असतां दाब नको तितका चढतो. शेवटीं तार जोडून, इंजिन न चालवितां केवळ पंप चालू करावा व प्रत्येक जोड कोरड्या कागदानें पुसून पाहावा.

आमच्या एका मित्राच्या गाडींत पेट्रोलाचा मंद वास येत असे. नवीन काम आहे, वास येणारच, असें म्हणून आम्ही सर्वांनीं तिकडे दुर्लक्ष केलें. एके दिवशीं गाडीखालीं पाहिलें, तों परतीची जुनी रबरी नळी तडकली होती व थेंब तप्त धुराड्यापासून वीतभर अंतरावर पडत होते. इंजिनावर हजारों रुपये खर्च झाले होते; हातभर नळी मात्र तशीच राहिली होती.

विद्यार्थिमित्रहो, बळ वाढवावयाचें असेल, तर त्या बळास पोसणारा मार्ग आधीं तपासावा. गाडीवर बसणाऱ्यांचे प्राण पुष्कळदां त्या न दिसणाऱ्या नळीवरच अवलंबून असतात.