गावाचं पान विकिपीडियावर : खर्च किती येतो?

शाळेचा सुवर्णमहोत्सव आला, पतसंस्थेची पंचविशी आली किंवा एखाद्या पुढाऱ्याची निवडणूक जवळ आली, की ‘तुमचं विकिपीडिया पान करून देतो’ म्हणणारे फोन सुरू होतात. पॅकेज सांगितलं जातं, अर्धी रक्कम आगाऊ मागितली जाते, पान कायम राहील अशी हमीही मिळते. अशा कुणालाही एक रुपया देऊ नका. विकिपीडियावर जवळजवळ प्रत्येक पान कुणीही बदलू शकतं, त्यामुळे ते कायम राहण्याची हमी कुणालाच देता येत नाही. पैसे घेऊन लिहिणाऱ्याने ते कुणाकडून घेतले हे उघड सांगावं, अशी तिथल्या वापरअटींमध्ये अट आहे. हे लपवलं तर खातं बंद होऊ शकतं, पान काढून टाकलं जाऊ शकतं. तुमचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे आणि तो चालवतात ते तुमच्या-माझ्यासारखे स्वयंसेवक. खातं उघडायला, लिहायला, फोटो चढवायला कसलंही शुल्क नाही. खातं उघडताना ईमेल देणं ऐच्छिक असतं, पण तो द्याच. पासवर्ड विसरलात तर खातं परत मिळवायचा तोच सोपा मार्ग. नवा संगणकही घ्यायला नको. मोबाइलवर मराठी कीबोर्ड असला की काम भागतं, आणि संगणकावर विकिपीडियाच्या पानातच रोमन अक्षरांतून देवनागरी टंकायची सोय आहे. नुसत्या मजकुराला डेटा इतका कमी लागतो, की नेहमीच्या रिचार्जमध्ये तो कळतही नाही.

खरा खर्च वेळेचा, आणि तो आधी नीट समजून घ्यावा. समजा, तुम्हाला आपल्या गावाचं पान नीट करायचं आहे. मराठी विकिपीडियावर गावांची असंख्य पानं दोन-तीन ओळींवर अडकलेली आहेत: तालुका, जिल्हा आणि पुढे काही नाही. असं पान चार-पाच परिच्छेदांचं करायला दोन शनिवार-रविवार धरा. त्यातलं लिहिणं एका बैठकीचं; बाकीचा वेळ संदर्भ शोधण्यात जातो. लोकसंख्या, साक्षरता, क्षेत्रफळ हे २०११च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावनिहाय मिळतं, फुकट. जुना इतिहास हवा असेल तर मुंबई इलाख्याची एकोणिसाव्या शतकातली जिल्हा गॅझेटियरं इंटरनेट अर्काइव्हवर वाचता येतात. मराठी विश्वकोशही ऑनलाइन आहे. तो संदर्भ म्हणून द्या, त्यातली वाक्यं उतरवून घेऊ नका.

अडचण येते ती ग्रामदैवतापाशी. यात्रेची कथा, पालखीचा मान कोणत्या घराण्याचा, वेशीवरचा दगड कुणी बसवला, हे सगळं आजीला ठाऊक असतं आणि छापलेलं कुठेच नसतं. छापील किंवा तपासता येईल असा आधार नसेल तर विकिपीडियावर ते टिकत नाही. अनेक जण इथे नाराज होऊन काम सोडतात. मला हा नियम योग्य वाटतो, कारण मानाचे वाद गावोगाव आहेत आणि ते विश्वकोशात सोडवायचे नसतात. अशा वेळी तालुक्याच्या शासनमान्य ग्रंथालयात जा. अनामत आणि वर्गणी भरा, जुन्या स्मरणिका, स्थानिक वृत्तपत्रांचे अंक चाळा. एवढा खर्च करावाच. मुंबईकरांना मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, गोवेकरांना पणजीचं कृष्णदास शामा ग्रंथालय.

लिहायला सुरुवात करताना थेट मुख्य लेखात उतरू नका. प्रत्येक सदस्याला ‘धूळपाटी’ नावाचं सरावाचं पान असतं. तिथे कितीही खोडा, पुन्हा लिहा. शंका असेल तर ‘चावडी’ या चर्चेच्या पानावर विचारा. उत्तर देणारेही नोकरी-घर सांभाळून हे करतात, तेव्हा एक-दोन दिवस थांबायची तयारी ठेवा.

फोटोंचं गणित वेगळं आहे. गावचं मंदिर, नदीघाट, आठवडी बाजार याला फक्त चालत जायचं. लेणी किंवा किल्ला असेल तर पुरातत्त्व खात्याचं तिकीट पडतं. अजिंठा, वेरूळसारख्या जागतिक वारशाच्या ठिकाणी भारतीयांना ४० रुपये, खात्याच्या इतर तिकीट असलेल्या स्थळांना २५, हे २०१८ साली ठरलेले दर. निघण्याआधी चालू दर पाहून घ्या, आणि सुट्टीचा वारही: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी.

पण फोटोची मोठी किंमत तिकिटाची नसते. विकिपीडियाचे फोटो जिथे ठेवतात त्या विकिमीडिया कॉमन्सवर तुम्ही फोटो मुक्त परवान्याखाली देता. म्हणजे उद्या एखाद्या हॉटेलने तो कॅलेंडरवर छापला तर त्याला तुमचं नाव आणि परवाना द्यावा लागेल, पैसे नाही. दिलेला परवाना मागे घेता येत नाही. ज्यांचं पोट फोटोग्राफीवर आहे त्यांनी हे ओळखूनच कोणते फोटो द्यायचे ते ठरवावं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेला किंवा पेपरात छापलेला फोटो तर चढवूच नका, तो तुमचा नाही. चौकातल्या पुतळ्याचा तुम्ही काढलेला फोटो चालतो, कारण सार्वजनिक जागी कायमच्या असलेल्या शिल्पाला भारतीय कायद्यात तशी मुभा आहे. भिंतीवरच्या नव्या चित्राला ती नाही.

घराबाहेर पडणं शक्य नसेल, किंवा तुम्ही परदेशात असाल, तर विकिस्रोतावर या. तिथे स्वामित्वहक्क संपलेली जुनी मराठी पुस्तकं पानापानाने टंकून ठेवली जातात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरचं वर्ष लागल्यापासून ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११ मध्ये मुक्त झालं. काम असं चालतं: डावीकडे यंत्राने वाचलेला मजकूर, उजवीकडे स्कॅन केलेलं पान. यंत्र ‘ध’ला ‘घ’ म्हणतं, ‘भ’ला ‘म’ म्हणतं, अनुस्वार गिळतं, जोडाक्षर फोडतं. तुम्ही ओळ-ओळ जुळवायची. तपासलं की पान पिवळं होतं, दुसऱ्या सदस्याने पुन्हा वाचलं की हिरवं. सराव झाल्यावर पानाला पंधरा मिनिटं पुरतात. संदर्भ शोधायची कटकट नाही, वादही क्वचितच. नव्या माणसाने, विशेषतः निवृत्तांनी, इथूनच सुरुवात करावी असं मी आग्रहाने सांगेन.

काही खर्च परतही मिळतो. सहा महिने जुनं खातं, ५०० संपादनं आणि गेल्या महिनाभरात किमान दहा संपादनं असतील, तर ‘विकिपीडिया लायब्ररी’ उघडते. जेस्टोरसारखे सशुल्क संग्रह तिथे मोफत वाचता येतात. ग्रंथालयात किंवा महाविद्यालयात कार्यशाळा घ्यायची असेल तर विकिपीडियामागच्या विकिमीडिया फाउंडेशन या संस्थेच्या रॅपिड फंडाकडे ५०० ते ५,००० डॉलरपर्यंत निधी मागता येतो. जागा, इंटरनेट, प्रवास, चहापाणी असा तपशीलवार अंदाज अर्जात द्यावा लागतो आणि शेवटी हिशेबही, म्हणून पावत्या पहिल्या दिवसापासून जपून ठेवा. अर्ज कार्यक्रमाच्या बराच आधी करा. मंजुरीपूर्वी केलेला खर्च मिळेल असं धरून चालू नका.