तबकडीची तपासणी

मुलांनो, बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा तालुक्यात दुसरबीड हे गाव आहे. २००५ नंतर काही वर्षे महाराष्ट्रातील अशा ग्रामीण भागात रोज कित्येक तास भारनियमन असे. वीज गेली की पंखा थांबतो आणि आली की पुन्हा फिरतो. त्याचे काही बिघडत नाही. संगणकाचे मात्र तसे नाही.

संगणकातील माहिती डिस्कवर, म्हणजे तबकडीवर, लहान लहान कप्प्यांत लिहिलेली असते. कोणत्या कप्प्यात काय आहे, याची यादीही तबकडीवरच असते. समजा, तुमचा शिष्यवृत्तीचा अर्ज कप्प्यात लिहून झाला आणि यादीत नोंद होण्यापूर्वीच वीज गेली. आता कप्पा भरलेला, पण यादीत तो रिकामा! संगणक त्याच कप्प्यात दुसऱ्या कोणाचे गुण लिहील. तुमचा अर्ज गेला. म्हणून अचानक बंद पडलेल्या संगणकाने पुन्हा सुरू होताच, नवे काही लिहिण्यापूर्वी, आपली तबकडी आपोआप तपासावी.

पण आपण अचानक बंद पडलो होतो, हे त्याला कळते कसे? काम चालू असताना तबकडीवर एक खूण असते. रीतसर बंद होताना संगणक ती पुसतो. सुरू होताना खूण तशीच दिसली, की तपासणी सुरू. विंडोज ९८ असेच करत असे.

लिनक्समध्ये आणखी एक नियम होता. संगणक ठरावीक वेळा सुरू झाला किंवा १८० दिवस उलटले, तरी तपासणी होई. नियम चांगला, पण नेमकी अर्जाची शेवटची तारीख असावी, दारात रांग असावी आणि संगणक तपासणीला बसावा, हे काही बरे नाही. असे काम सुट्टीच्या दिवशी उरकावे. पुढे हा नियम आपोआप लागू करणे बंदच झाले.

त्याचे एक कारण मजेदार आहे. दुकानदार रोजकीर्द लिहितो. (यातला 'रोज' तुमच्या उर्दूतही आहे.) २००१ साली लिनक्समध्ये आलेली 'ईएक्सटी३' ही पद्धतही तशीच वही ठेवते. काय करायचे ते आधी वहीत लिहायचे, मग करायचे. वीज गेली, तर परत आल्यावर फक्त अर्धवट नोंदी पाहायच्या. तासाभराचे काम काही सेकंदांत होते!

तबकडीच झिजली असेल, तर ते मात्र ही वही सांगत नाही. तबकडीतून खटखट आवाज येऊ लागला किंवा फायली वारंवार उघडेनाशा झाल्या, तर दुरुस्तीची घाई करू नका. दुरुस्तीत तबकडीला आणखी श्रम पडतात. आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे काढा, मग तपासणी करा. आणि तीही वीज जाण्याच्या वेळेला नको.