आधी विचारा, गाडी नेमकी कधी थरथरते?

ऐंशीच्या पुढे गेलं की स्टीअरिंग थरथरतं, एवढं सांगितलं की गॅरेजमधून येणारी उत्तरं ठरलेली असतात. अलाइनमेंट करून घ्या, लोअर आर्म गेलाय, गाडीचं वय झालं, नाहीतर आपले रस्तेच तसले. यातलं एकही उत्तर देण्याआधी ‘नेमकी कधी थरथरते?’ असं कुणी विचारत नाही, आणि माझा राग आहे तो यावरच. पार्ट बदलून होतात, बिल भरून होतं, हायवेला लागल्यावर स्टीअरिंग पुन्हा हातात नाचायला लागतं, आणि मग तेच गॅरेज दुसरा पार्ट सुचवतं. पहिल्याचे पैसे परत देण्याची भाषा मात्र कुणी करत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की हादरा कधी येतो यावरून तो कुठून येतो हे बहुतेक वेळा कळतं. ते ठरेपर्यंत जॉब कार्डवर एकही पार्ट चढू देऊ नये.

सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार घ्या. साठपर्यंत गाडी एकदम शांत, 80 ते 110 च्या दरम्यान थरथर, आणि त्याच्याही पुढे गेलं तर कधी कधी पुन्हा कमी. असं होत असेल तर पहिला संशय व्हील बॅलन्सिंगवर घ्यायचा. 175/65 आर 14 मापाच्या टायरचा घेर साधारण 1.83 मीटर असतो, म्हणजे ताशी 100 किलोमीटरला ते चाक सेकंदाला सुमारे 15 फेरे घेतं. रिमच्या कडेला 30 ग्रॅमचा फरक असला तरी या वेगाला तो जवळपास 5 किलो वजनाच्या जोराने चाकाला बाहेर खेचतो, आणि तेही प्रत्येक फेऱ्यात. वेग निम्मा केला की हा जोर एकचतुर्थांशावर येतो, म्हणून पन्नासला हाताला काहीच कळत नाही. आता मेकॅनिक गॅरेजमागच्या गल्लीत चाळीसने चक्कर मारून येतो आणि ‘काही नाही साहेब, तुम्हाला वाटतंय’ म्हणतो, त्या ट्रायलला काय अर्थ आहे? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात कारला 100 ची मर्यादा आहे. तक्रार तिथली आणि तपासणी गल्लीतली, असं चालणार नाही. ट्रायल बायपासवरच घ्यायला लावा आणि स्वतः शेजारी बसा.

अलाइनमेंटचा आग्रह तर मला अजिबात पटत नाही. ते बिघडलं की गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतो. असा वेडावाकडा झिजलेला टायर पुढे हादरे देऊ शकतो, हे मान्य. पण मग दोष टायरमध्ये आलेला असतो, आणि अलाइनमेंट केल्याने झिजलेला टायर पुन्हा गोल होत नाही.

थरथर स्टीअरिंगला जाणवते की सीटला, हेही बघा. स्टीअरिंगला असेल तर बहुधा पुढची चाकं, सीटला आणि फ्लोअरला असेल तर मागची. खात्री करायला त्याच बाजूची पुढची-मागची चाकं अदलाबदल करून घ्या. हादरा चाकांबरोबर मागे गेला, तर लोअर आर्मला हात लावायचं कारण उरत नाही. फक्त ब्रेक दाबल्यावरच स्टीअरिंग हलत असेल तर ब्रेक डिस्कची जाडी कमी-जास्त झाली आहे का ते मोजायला सांगा. अॅक्सिलरेटर दाबला की हादरे आणि पाय काढला की शांत, असं असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट बघावा लागतो. गाडी उभी असतानाही थरथरते आणि एसी लावला की जास्तच, तर इंजिन माउंटिंग किंवा मिसफायर. तिथे चाकांचा संबंधच नाही. शंका असेल तर त्याच वेगाला एक गिअर खाली-वर करून बघा. आरपीएम बदलला आणि थरथर तशीच राहिली, तर इंजिन सुटलं.

यावर म्हणतात, मेकॅनिकची 20 वर्षं यात गेलीत, त्याला बघूनच कळतं. अनुभवाला मी कमी लेखत नाही. पण अनुभवी माणूस प्रश्न जास्त विचारतो, आणि न विचारता पार्ट सांगणाऱ्याला गाडीचं नव्हे, दुकानाचं ठाऊक असतं. दुसरा बचाव असा, की बुश तसाही झिजला होता, कधीतरी बदलावाच लागला असता. झिजलेला बुश हादरा जाणवू देतो, वाढवतो. पण मुळात हादरा तयार करणारं कारण सहसा वेगळंच असतं. बॉल जॉइंट ढिला असेल तर तो बदलायलाच हवा, त्यात जीव गुंतलेला आहे. मात्र त्याचं कारण म्हणून थरथर पुढे करू नये.

‘बॅलन्सिंग केलंय, मशीनने शून्य दाखवलं’ हा तिसरा बचाव. शून्य म्हणजे वजन सारखं झालं. चाक गोल आहे असं नव्हे. म्हणून मशीनजवळ उभं राहा. पावसाळ्यात कोकणातून आलेल्या गाडीच्या रिमच्या आतल्या बाजूला लाल चिखल वाळून घट्ट बसलेला असतो. तो न खरवडता वर वजनं चिकटवली, तर पहिलं ढेकूळ निघून पडलं की बॅलन्सिंग गेलं. चाक मशीनवर हळू फिरवताना रिमच्या कडेजवळ स्क्रूड्रायव्हरचं टोक स्थिर धरायला सांगा. कड आणि टोक यांच्यातलं अंतर कमी-जास्त होत असेल तर रिम वाकली आहे. टायरच्या बाबतीतही तसंच बघा. आणि हो, हवा तपासा, चारही टायरची.

चाकं बसवतानाही समोर थांबा. एअर गनने एक नट कचकचून आणि दुसरा अर्धवट आवळला, तर डिस्क वाकडी बसते आणि काही महिन्यांनी ब्रेकमध्ये थरथर सुरू होते. नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचने आवळायला लावा आणि 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासून घ्या.

हे सगळं हळूहळू वाढलेल्या थरथरीबद्दल झालं. ती अचानक आणि जोरात सुरू झाली, किंवा तीस-चाळीसलाच गाडी डोलायला लागली, तर गॅरेज गाठण्याचा विचार करू नका. बाजूला थांबून आधी नट बघा, मग टायरच्या भिंतीवरून आणि पट्ट्यावरून हात फिरवा. कुठे फुगा लागला तर आतले थर सुटलेले असतात आणि तो टायर केव्हाही फुटू शकतो. स्टेपनी चढवा. तीही बाद असेल तर टोइंग बोलवा.