शेवटचे षटक आणि छातीतील कळ

३० मे २०२३ च्या रात्री दोनच्या सुमारास आमच्या दाराची कडी वाजली. आजऱ्यातील एक दुकानदार मुलाच्या खांद्यावर भार टाकून उभे होते. अंग घामाने थबथबलेले. ‘ॲसिडिटी झालीय डॉक्टर, एक इंजेक्शन द्या,’ म्हणाले. केव्हापासून दुखते, यावर ते गप्प. मुलगा म्हणाला, ‘साडेबारापासून. पण मॅच संपल्याशिवाय उठायलाच तयार नव्हते.’

मॅच म्हणजे आयपीएलचा अंतिम सामना. पावसामुळे तो अहमदाबादला एक दिवस पुढे गेला होता. राखीव दिवशीही पाऊस आला. शेवटच्या दोन चेंडूंत दहा धावा हव्या असताना जडेजाने षटकार आणि चौकार मारला, तेव्हा दीड वाजून गेला होता. तोवर हे गृहस्थ सोडा पिऊन छाती चोळत बसले होते.

खेळ पाहणारा खुर्चीत बसलेला असतो, पण त्याचे हृदय मैदानात धावत असते. उत्तेजित होताच ॲड्रिनॅलिन रक्तात उतरते, नाडी व रक्तदाब वाढतो. कॅनडात आइस हॉकीचे वेड आपल्या क्रिकेटसारखे. तेथील डॉक्टरांनी २०१७ साली वीस निरोगी प्रेक्षकांची नाडी तपासल्याचे प्रसिद्ध केले. टीव्हीवर सामना पाहताना ती सरासरी ७५ टक्क्यांनी वाढली, प्रत्यक्ष मैदानात ११० टक्क्यांनी! शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार यांची गाठ पडली की काय होत असेल, याची कल्पना कोल्हापूरकरांना वेगळी द्यायला नको.

निरोगी हृदय हे सहन करते. रक्तवाहिनीत चरबीचा थर साचला असेल, तर मात्र तो अशा वेळी फाटून त्यावर गुठळी धरू शकते. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात म्युनिक भागात जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी हृदयविकाराचे तातडीचे रुग्ण अडीच पटींहून अधिक झाले होते. त्यांत आधीपासून हृदयविकार असलेले पुष्कळ होते.

म्हणून सामना पाहू नका, असे मी कोणाला सांगत नाही. सांगून ऐकणार कोण? माझी तक्रार त्या वाया गेलेल्या दीड तासाची आहे. गुठळीने रक्त अडले की अर्ध्या तासात हृदयाचा स्नायू मरू लागतो. त्यात आजऱ्याहून कोल्हापूर गाठायला दीड-दोन तास लागतात. शहरातल्या माणसाने तासभर दवडला तर तो तासच जातो; आपल्याकडे त्यात हा रस्ता मिळवावा लागतो.

छातीच्या मध्यभागी दडपण, कळ डाव्या हातात वा जबड्यात जाणे, थंड घाम, यांपैकी काही पंधरा मिनिटे टिकले तर टीव्ही चालू असो वा बंद, १०८ ला फोन करावा. मधुमेह्यांना कळ येतेच असे नाही. नुसता घाम आणि धाप लागली तरी तेच समजावे. स्वतः मोटारसायकल चालवत दवाखान्यात येऊ नये. आणि रात्रीची रक्तदाबाची गोळी सामन्यापूर्वीच घ्यावी, कारण नंतर ती हटकून राहते. चुरशीच्या षटकांत तंबाखूचा बार भरण्याची सवय तर हृदयाला दुहेरी चाबूक आहे.

त्या रात्री ईसीजी काढून त्यांना तसेच कोल्हापूरला रवाना केले. ॲन्जिओप्लास्टी झाली, जीव वाचला; पण हृदयाची ताकद पूर्वीइतकी राहिली नाही. आता जिना चढताना मध्ये थांबावे लागते. २०२५ ला बंगळुरूने प्रथमच आयपीएल जिंकले, त्याच्या दुसऱ्या दिवशी ते तपासणीला आले. ‘काल गोळी आठलाच घेतली,’ हे न विचारता सांगितले. ‘आणि शेवटची दोन षटके?’ मी विचारले. ‘बाहेर अंगणात बसलो. पोरगा आतून सांगत होता.’