जुन्या पत्रांतील संक्षेप

एकदा आठवीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने घरच्या माळ्यावरील पेटीत सापडलेली काही पत्रे शाळेत आणली. त्याच्या पणजोबांना त्यांच्या धाकट्या भावाने ती लिहिली होती. पहिलेच पत्र वाचताना तो अडखळला. आरंभी लिहिले होते, ‘ती. दादांस सा. न. वि. वि.’ “गुरुजी, दादांना ‘ती’ कसे म्हटले?” असे त्याने विचारले आणि सारा वर्ग हसला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

‘ती’ या अक्षरापुढील टिंब त्याच्या नजरेतून निसटले होते. शब्दाचे पहिले अक्षर लिहून पुढे टिंब द्यावयाचे, ही संक्षेपाची साधी रीत होय. ‘ती.’ म्हणजे तीर्थरूप, आणि ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. आपल्या देशात इ. स. १८७९ मध्ये पोस्टकार्ड सुरू झाले, तेव्हा त्याची किंमत पाव आणा होती. तेवढ्याशा जागेत घरची सारी हकीकत बसवावयाची असे. मग जे शब्द प्रत्येक पत्रात ठरलेलेच, त्यांची आद्याक्षरे पुरेशी होत. रा. रा. म्हणजे राजमान्य राजेश्री, चि. म्हणजे चिरंजीव, कै. म्हणजे कैलासवासी, हे तर त्या काळी लहान मुलांनाही ठाऊक असे.

परंतु एकच संक्षेप अनेक शब्दांसाठी येतो, तेथे सावध असावे. ‘ता. ५ जून’ येथे तारीख, ‘ता. वाई, जि. सातारा’ येथे तालुका, आणि सही झाल्यावर काही आठवले म्हणून लिहिलेल्या ‘ता. क.’ मध्ये ताजा कलम. शेजारचे शब्द पाहिल्यावाचून अर्थ लागत नाही. ‘पै.’ चेही तसेच. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू झाली. त्यानंतरच्या हिशेबात ‘पै.’ म्हणजे पैसे. त्यापूर्वीच्या वहीत ती पई असे. १२ पयांचा १ आणा आणि १६ आण्यांचा १ रुपया. म्हणून जुन्या वहीतील ‘रु. ५-४-६’ ही रक्कम ५ रुपये ४६ पैसे नव्हे. ती सुमारे ५ रुपये २८ पैसे होते.

त्या पहिल्या पत्रावर मिती होती, ‘श. १८२०, पौष व. ५’. व. म्हणजे वद्य, श. म्हणजे शके. शकाच्या आकड्यात ७८ मिळविले की इसवी सन येतो, असे आपण शिकतो. पण शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते आणि ही मिती जानेवारीत पडली होती. म्हणून येथे ७९ मिळवावे लागतात. ते पत्र १८९९ चे होय.

याच पत्रात मजकूर होता, ‘चि. सौ. काशी संक्रांतीस माहेरी आली आहे.’ काशी ही दोघा भावांची धाकटी बहीण. पुढे शके १८२६ मधील पत्रात त्याच हाताने लिहिले होते, ‘गं. भा. काशी आता येथेच असते.’ सौ. म्हणजे सौभाग्यवती. गं. भा. म्हणजे गंगा भागीरथी. विधवेच्या नावामागे हे शब्द लिहीत. मधल्या सहा वर्षांत काशीचा पती वारला होता. त्या वार्तेचे पत्र पेटीत नव्हते, आणि ते सापडणारही नव्हते. कारण मृत्यूची वार्ता आणणारे पत्र वाचून लगेच फाडून टाकण्याची रीत होती. काशीच्या दुःखाची त्या घरात उरलेली खूण म्हणजे ही दोन अक्षरे.

पुरुषाची पत्नी वारली, तरी त्याच्या नावामागील ‘श्री.’ तसेच राहते. स्त्रीच्या नावाला मात्र असे चिन्ह चिकटविले जाई. आज अनेक स्त्रिया ते नाकारून ‘श्रीमती’ एवढेच लिहितात. मला ते योग्य वाटते. परंतु जुने पत्र वाचताना ते अक्षर वगळून चालत नाही. तो विद्यार्थी दोन्ही पत्रे शेजारी ठेवून बराच वेळ पाहत होता. “काशीबाईंचे पुढे काय झाले?” असे त्याने विचारले. उरलेली पत्रे आम्ही दुसऱ्या दिवशी वाचावयास घेतली.

स्वाध्याय

घरातील अथवा शेजारच्या वडीलधाऱ्यांकडून एक जुने पत्र वा लग्नपत्रिका मागून घ्या. त्यातील सर्व संक्षेप पूर्ण शब्दांत लिहा, आणि त्यांवरून लिहिणाराचे व इतरांचे नाते काय असावे, ते सांगा.