हायब्रिड लीजवर घेतेयस? आधी वहीत मांड

अगं, महिन्याला अडतीस हजारांत नवी हायब्रिड, विमा आणि सर्व्हिसिंग त्यातच, पैसे पगारातून परस्पर कापणार आणि वर करही वाचणार, असं कोणी सांगितलं की कुणालाही वाटेल, सही करून मोकळं व्हावं. तुझ्या कंपनीने लीजची सोय सुरू केली आणि तू आधी मला विचारलंस, याचं बरं वाटलं. पण फोनवर आकडे कानावरून जातात, म्हणून हे सविस्तर लिहितेय. वही-पेन घेऊन बस आणि मी सांगते तसं मांडत जा.

लीज वाईट, असं मी म्हणणार नाही. तारापूर एमआयडीसीतल्या चांगल्या पगाराच्या माणसाला ती खरंच फायद्याची ठरू शकते. माझं म्हणणं एवढंच की हायब्रिड जितकी जास्त पळेल तितकी परवडते आणि लीजची गाडी जितकी जास्त पळेल तितकी महाग पडते. तुझ्या बाबतीत या दोन्हींचा मेळ बसतोय का, हे पाहिल्याशिवाय सही करू नकोस.

पहिलं म्हणजे, कोटेशनमधली गाडी नक्की कुठली हायब्रिड आहे ते बघ. ग्रँड व्हिटारासारखी एकच गाडी दोन प्रकारांत मिळते. माइल्ड हायब्रिडमध्ये छोटी बॅटरी इंजिनाला थोडा हातभार लावते, गाडी चालते ती पेट्रोलवरच. स्ट्राँग हायब्रिडमध्ये मात्र हळू चालताना, गर्दीत सरकताना चाकं नुसत्या मोटरवर फिरतात आणि ब्रेक दाबला की बॅटरी चार्ज होते. दोन्हींना प्लग लावावा लागत नाही. स्ट्राँग प्रकाराचं कंपनीने जाहीर केलेलं मायलेज २७.९७, माइल्डचं २१ च्या आसपास. किमतीत मात्र लाखांचा फरक. सेल्समन नुसतं ‘हायब्रिड’ म्हणाला तर ‘स्ट्राँग की माइल्ड?’ हे विचारायचंच, आणि उत्तर कोटेशनवर लिहून घ्यायचं.

आता तुझं चालणं मांडू. पालघर ते बोईसर, तिथून पुढे एमआयडीसीतली कंपनी, संध्याकाळी परत. जाऊन-येऊन पस्तीस-चाळीस किलोमीटर. वर एखादा रविवार केळव्याला, महिन्यातून एखादी ठाण्याची फेरी. म्हणजे महिन्याला हजार ते बाराशे किलोमीटर. जाहिरातीतलं मायलेज रस्त्यावर मिळेल असं धरू नकोस. स्ट्राँग हायब्रिडला २१ आणि माइल्ड ऑटोमॅटिकला १४ धर, पेट्रोल १०५ रुपये लिटर धर. हजार किलोमीटरला हायब्रिड ४८ लिटर पिईल, दुसरी ७१. वाचले साधारण अडीच हजार रुपये. बाराशे किलोमीटर पळवलीस तर तीन हजार.

आता त्याच गाडीच्या दोन्ही प्रकारांचं लीजचं कोटेशन माग. समजा स्ट्राँगचं भाडं महिन्याला पाच हजारांनी जास्त निघालं. मग तुझ्या बाराशे किलोमीटरला महिन्याकाठी दोन हजार पदरचेच जातील. पाच हजार भरून निघायला महिन्याला दोन हजार किलोमीटर, म्हणजे वर्षाला चोवीस हजार पळायला हवी. आणि नेमकं तिथेच करारातलं ते बारीक कलम उभं राहतं, की ठरलेल्या किलोमीटरच्या वर गेलीस तर प्रत्येक किलोमीटरला वेगळा दर. म्हणून किलोमीटरची मर्यादा किती आणि जास्तीचा दर काय, हे आधी बघ. शेवटी गाडी विकतच घ्यायची असेल तर ही मर्यादा लागू आहे की नाही, हेही विचार.

हायब्रिडच्या बाजूनेही एक गोष्ट सांगते. शिफ्ट सुटते तेव्हा नवापूर रोडवर कंपन्यांच्या बस, रिक्षा आणि टँकर यांच्यात आपण मुंगीच्या पावलांनी सरकतो, तिथे हायब्रिड भरपूर पेट्रोल वाचवते. अहमदाबाद हायवेवर वर्सोवा पुलाच्या आसपास गाड्या तुंबल्या की तिथेही. पण चिल्हार फाट्यावरून हायवेला लागून एकसारख्या वेगाने निघालीस तर इंजिनच जास्त चालतं आणि बचत कमी होते. तुझे किलोमीटर कुठल्या प्रकारचे आहेत, तेही वहीत लिही.

आता कोटेशनचा कागद समोर घे. एकेक ओळ बघू.

पहिली ओळ एक्स-शोरूम किमतीची. डीलरने सणाला किंवा वर्षाअखेरीला सूट जाहीर केली असेल तर ती वजा करून भाडं काढलंय का? नाहीतर सूट लीज कंपनीच्या खिशात राहते. तू स्वतः शोरूमला जाऊन सूट वजा केलेली किंमत लिहून आण आणि ताडून बघ. कोटेशन कधीचं आहे तेही बघ. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर जीएसटी ४० टक्के झाला. आधी २८ टक्के आणि वर १५ टक्के सेस, म्हणजे ४३ होता.

दुसरी ओळ आरटीओची. आपल्या महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीवर व्यक्तीच्या नावाने १२ टक्के रोड टॅक्स आहे, कंपनीच्या नावाने २० टक्के. लीजची गाडी बहुधा लीज कंपनीच्या नावाने नोंदवतात. पंधरा लाखांच्या गाडीवर हा फरक एक लाख वीस हजारांचा होतो आणि तो तुझ्या भाड्यातच मुरतो.  कोटेशनमध्ये नोंदणी कुठे, कुणाच्या नावाने आणि किती टॅक्स धरून, हे तिन्ही विचार.

तिसरी ओळ भाड्याची, आणि तिच्या शेपटीला असलेल्या ‘अधिक कर’ या दोन शब्दांची. लीजच्या भाड्यावर जीएसटी गाडीच्याच दराने लागतो. भाड्याचा भाग २५,००० असेल तर त्यावर १०,००० कर. कंपनीला अशा गाडीवरच्या जीएसटीची वजावट मिळत नाही, त्यामुळे तो तुझ्याच सीटीसीतून जातो. म्हणून एकच विचारायचं, ‘सगळं धरून माझ्या पगारातून महिन्याला नक्की किती कापणार?’

चौथी ओळ सर्वांत महत्त्वाची, रेसिड्युअल व्हॅल्यू. म्हणजे मुदत संपताना गाडीची किंमत किती राहील याचा त्यांनी आधीच बांधलेला अंदाज. तो जास्त धरला की भाडं कमी दिसतं, पण गाडी ठेवायची असेल तर शेवटी तेवढी रक्कम मोजावी लागते. दोन कंपन्यांनी भाडं सारखंच सांगितलं आणि एकीचा हा आकडा चार लाख, दुसरीचा सहा लाख असेल, तर गाडी विकत घेणाऱ्या बाईसाठी दुसरी सरळ दोन लाखांनी महाग आहे. परतच करणार असशील तर या आकड्याची चिंता त्यांची. स्ट्राँग हायब्रिडच्या बॅटरीवर टोयोटा आणि मारुती आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात. म्हणजे चार वर्षांनंतरही अर्धी वॉरंटी शिल्लक असते. ‘हायब्रिडला रिसेल नाही’ असं म्हणून कोणी तो आकडा खाली ओढून भाडं वाढवत असेल तर ही गोष्ट त्याच्या समोर ठेव.

आता कराचं. लीजचा सगळा डोलारा करावर उभा आहे. भाडं पगारातून करपात्र होण्याआधीच वजा होतं आणि गाडी वापरण्याची सोय म्हणून एक ठरावीक रक्कम तुझ्या उत्पन्नात धरली जाते. जुन्या आयकर नियमांत ती १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला महिन्याला १,८०० आणि त्यावरच्याला २,४०० होती, ड्रायव्हर असेल तर वर ९०० रुपये. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, म्हणून आजचा आकडा पेरोलवाल्यांकडून लेखी घे. इंजिनाची रेघ लक्षात ठेव. ग्रँड व्हिटारा आणि तिची बहीण हायरायडर यांच्या स्ट्राँग प्रकाराचं इंजिन १४९० सीसी, होंडा सिटी हायब्रिडचं १४९८, दोन्ही रेघेच्या आत. इनोव्हा हायक्रॉसचं १९८७, रेघेच्या बाहेर.

आता हिशेब. हे आकडे मी धरलेत, तू तुझे घाल. गाडी ऑन-रोड साडेसतरा लाख. कर्जाने घेतलीस तर साडेतीन लाख डाउन पेमेंट, चौदा लाख कर्ज, नऊ टक्के, चार वर्षं. हप्ता साधारण ३४,८४०. चार वर्षांत एकूण २० लाख २२ हजार. पुढच्या वर्षांचा विमा आणि सर्व्हिसिंग मिळून १ लाख ४० हजार. डाउन पेमेंटवरचं बुडालेलं एफडीचं व्याज एक लाख. बेरीज २२ लाख ६२ हजार. चार वर्षांनी गाडी नऊ लाखांना विकली असं धर. खरा खर्च १३ लाख ६२ हजार.

लीजने घेतलीस तर अडतीस हजार गुणिले अठ्ठेचाळीस, म्हणजे १८ लाख २४ हजार, आणि शेवटी गाडी परत. महिन्याचे ५,००० करपात्र धरले तर ३३,००० वर कर वाचतो. तीस टक्क्यांच्या टप्प्यात सेससकट महिन्याला जवळपास १०,३००, चार वर्षांत ४ लाख ९४ हजार. खरा खर्च १३ लाख ३० हजार. म्हणजे दोन्ही जवळपास सारखं. पण वीस टक्क्यांच्या टप्प्यात बचत होते ३ लाख २९ हजारच, खर्च जातो १४ लाख ९५ हजारांवर, आणि लीज कर्जापेक्षा १ लाख ३३ हजारांनी महाग पडते.

नव्या कररचनेत २०२५-२६ पासून तीस टक्के लागतात ते चोवीस लाखांच्या वरच्या उत्पन्नाला. सोळा ते वीस लाखांवर वीसच. तुझ्या कंपनीतल्या मोठ्या साहेबांना जी लीज मानवते ती तुला मानवेलच असं नाही, ते याचमुळे. त्यांचं बघून नको घेऊस. तुझ्या शेवटच्या लाखावर किती टक्के कर बसतो, तेवढं बघ.

आता एक गोष्ट ताई म्हणून सांगते. चार वर्षांचा करार म्हणजे चार वर्षं त्याच नोकरीत राहण्याचा शब्द. एमआयडीसीत नोकऱ्या बदलतात, युनिट दुसरीकडे हलतं. मधेच सोडलीस तर फोरक्लोजर लागतं. उरलेल्या भाड्याचा भाग भर, नाहीतर गाडी त्यांच्या किमतीला विकत घे, नाहीतर नव्या कंपनीने करार घेतला तर तसं कर. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या वर्षाअखेरीला सोडलं तर किती भरावं लागेल, याचा तक्ता मागून घे. आणि तुम्ही दोघं बाळाचा विचार करताय, म्हणून हेही विचार. पगारी रजा संपल्यावर बिनपगारी घेतलीस तर भाडं कोण भरणार? विचारायला संकोच करू नकोस. तो तुझा हक्काचा प्रश्न आहे. येत्या वर्षा-दोन वर्षांत घराचं कर्ज घ्यायचं असेल तर बँकेलाही आधीच विचार, कारण लीजमुळे हातात येणारा पगार कमी दिसतो.

गाडी परत करतानाची तपासणीही आधीच समजून घे. आपला प्रदेश खाऱ्या वाऱ्याचा. चिंचणी-तारापूरकडे उघड्यावर उभी राहणारी गाडी खालून लवकर गंजते, त्यात एमआयडीसीची हवा आणि चार महिने पाऊस. कुठला ओरखडा चालतो आणि कशाचे पैसे कापतात, याची यादी लेखी घे. डिलिव्हरीच्या दिवशी चारी बाजूंनी आणि खालून फोटो काढून ठेव. अनेक हायब्रिडमध्ये बॅटरी थंड ठेवायला मागच्या सीटजवळ हवेची जाळी असते. सातपाटीहून आणलेल्या सुक्या बोंबलाच्या पिशव्या किंवा केळव्याच्या वाळूने भरलेल्या चपला तिच्यापुढे ठेवायच्या नाहीत. डिकीही उघडून बघ, बॅटरीमुळे जागा कमी होते. होंडा सिटीत साध्या गाडीला ५०६ लिटर, हायब्रिडला ३०६. लग्नसराईला गावी जाताना तो फरक कळतो.

आणि विम्याचं विसरू नकोस. पाण्यात इंजिन बंद पडलं तर संरक्षण आहे का? गाडी पार निकामी झाली तर विम्याचे पैसे लीज कंपनीला जातात. कमी पडलेली रक्कम तुझ्या अंगावर येणार का, ते कलम वाच.

सगळं सांगून झाल्यावर माझं मत विचारशील तर, तुझ्या बाराशे किलोमीटरला आणि तुझ्या कराच्या टप्प्याला स्ट्राँग हायब्रिडची लीज बसत नाही. गाडी हवीच असेल तर सूट घासाघीस करून घे, डाउन पेमेंट थोडं वाढव आणि कर्जाने घे, स्वतःच्या नावावर. आपल्या घरात अजून कुठल्याच बाईच्या नावावर गाडी नाही. लीज संपल्यावर विकत घेतलीस तरी नाव चढवायला पुन्हा आरटीओचे सोपस्कार आहेत आणि कागदोपत्री तू दुसरी मालकीण ठरतेस. उद्या बढती होऊन तीस टक्क्यांत गेलीस, किंवा ठाण्याला रोजचं जाणं सुरू झालं, तर हाच हिशेब पुन्हा मांड. तेव्हा उत्तर वेगळं येईल, आणि मग मीच म्हणेन, घे. तोवर एचआरला सांग, दोन्ही प्रकारांची कोटेशनं आणि फोरक्लोजरचा तक्ता लेखी द्या, आठवड्याने कळवते. मुदत संपतेय म्हणून घाई केली तरी आठवडा सोडू नकोस. कोटेशनं आली की मला पाठव, रविवारी दोघी मिळून ओळ न् ओळ तपासू.